आधी गाडी थांबवायला शिका: ट्रेन सिम्युलेटरची सुरुवात

ट्रेन सिम्युलेटर पहिल्यांदा उघडणारा बहुतेक जण सगळे नॉच (इंजिनाची ताकद वाढवायचे टप्पे) ओढतो, गाडी शंभरावर नेतो आणि स्टेशन दिसल्यावर ब्रेक मारतो. गाडी फलाट सोडून अर्धा किलोमीटर पुढे जाऊन उभी राहते. नाहीतर लाल सिग्नल ओलांडला जातो आणि गेम आपणहून आणीबाणीचा ब्रेक लावते. मग गेम अवघड आहे, आपल्याला जमणार नाही, असं वाटून कित्येक जण तिथेच सोडून देतात. खरी अडचण एवढीच असते की त्यांनी सुरुवात उलट्या टोकाने केलेली असते. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात पकड कमी आणि मागे शेकडो टन वजन. अशी गाडी पळवायला फारसं कौशल्य लागत नाही, हव्या त्या जागी उभी करायला लागतं. म्हणून इथे वेगापेक्षा ब्रेकवर जास्त लिहिलं आहे.

गेम आणि मांडणी

संगणकावर सुरुवात करायची तर आमची शिफारस ओपन रेल्स. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोजवर चालते. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले मार्ग, इंजिनं आणि डबे तिच्यात चालतात, आणि आपल्या दृष्टीने हाच तिचा मोठा फायदा. त्या जुन्या गेमसाठी भारतातल्या हौशी मंडळींनी खूप कष्ट घेऊन आपली इंजिनं, आयसीएफचे निळे डबे, भारतीय सिग्नल असलेले मार्ग तयार केले आहेत. पैसे मोजायची तयारी असेल तर ट्रेन सिम्युलेटर क्लासिक आणि ट्रेन सिम वर्ल्ड हे दोन्ही डवटेल गेम्सचे खेळ दिसायला जास्त देखणे आहेत, पण त्यांत भर ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेच्या मार्गांवर आहे आणि ग्राफिक्स कार्डही बऱ्यापैकी लागतं. मोबाइलवरचे खेळ सिग्नलची ओळख व्हायला ठीक. तिथे ब्रेक बहुधा एका सरकपट्टीवर उरकलेला असतो, त्यामुळे हवेच्या ब्रेकचा अंदाज त्यातून येत नाही.

मार्ग उतरवून घेतला की तो सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. तिथे विंडोज फाइलींमध्ये बदल करू देत नाही आणि नंतर नवीन डबे टाकताना अडतं. दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा. त्याच्या आत ग्लोबल, रूट्स, साउंड आणि ट्रेन्स असे चार फोल्डर दिसले पाहिजेत. ओपन रेल्सच्या ऑप्शन्समध्ये कंटेंट या टॅबवर जाऊन हे चार ज्याच्या पोटात आहेत नेमका तोच फोल्डर जोडायचा. एक पायरी वरचा किंवा खालचा जोडला की मार्गांची यादी रिकामी दिसते, आणि नव्या माणसाचा पहिला दिवस बहुतेक वेळा इथेच वाया जातो.

ऑप्शन्समध्ये असतानाच आणखी तीन गोष्टी करून घ्या. दाबाचं एकक किलो प्रति चौरस सेंटीमीटर करा, म्हणजे आकडे भारतीय इंजिनातल्यासारखे दिसतील. ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स या पर्यायावर खूण करा. आपल्या प्रवासी गाड्यांचा ब्रेक थोडा थोडा सोडता येतो; ही खूण नसेल तर जरासा सोडायला गेलात तरी सगळाच सुटू शकतो. तिसरं म्हणजे कीबोर्ड टॅबमधलं एक्सपोर्ट बटण दाबा. सगळ्या कळांची यादी डेस्कटॉपवर येते. छापून टेबलावर ठेवा.

लॅपटॉप जुना असेल आणि चित्र अडखळत असेल तर व्हिडिओ टॅबमध्ये व्ह्यूइंग डिस्टन्स कमी करा, सावल्या बंद करा. चित्र अडखळलं की ब्रेकची वेळ चुकते, त्यामुळे सौंदर्यापेक्षा सलगपणा महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालून हवा खेळती राहू द्या.

कुठलं इंजिन, कुठला मार्ग

पहिलं इंजिन डिझेल घ्या. डब्ल्यूडीएम-३ए मिळालं तर उत्तम. ३,१०० अश्वशक्ती, आठ नॉच, सरळसाधा कारभार. मराठवाड्यात बराच काळ डिझेलचंच राज्य होतं. आता मनमाडकडून तारा आल्या, ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, त्यामुळे विजेचं इंजिन चालवायची हौस असणं साहजिक आहे. पण विजेच्या इंजिनात पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा सांगाडा), सर्किट ब्रेकर, न्यूट्रल सेक्शन (तारेचा वीज नसलेला तुकडा) अशी भानगड वाढते. ती दुसऱ्या टप्प्यावर.

मार्ग सपाट आणि छोटा हवा, ४०-५० किलोमीटरचा पुरे. परभणी–नांदेड पट्ट्यात जसा घाट नाही तसा. नवखे लोक उत्साहाने थेट खंडाळा किंवा कसारा घाटाचा मार्ग उघडतात. तिथे चढ ३७ला १ आहे, म्हणजे प्रत्येक हजार टनांमागे साधारण २७ टनांची ओढ गाडीला मागे खेचत असते. प्रत्यक्षातही तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. शिकायची ती जागा नव्हे.

सुरुवातीला अॅक्टिव्हिटी (ठरवून दिलेली फेरी) नको, एक्स्प्लोर रूट (मोकळी फेरी) निवडा. वेळ सकाळची, हवामान स्वच्छ. पावसात चाकं घसरतात, रात्री अंतर कळत नाही.

हाताखालच्या कळा

डब्ल्यूने रिव्हर्सर (दिशा ठरवणारा दांडा) पुढे, एसने मागे. एने नॉच वाढतो, डीने कमी होतो. एन्टरच्या लगेच डावीकडची अवतरणचिन्हाची कळ पूर्ण गाडीचा ब्रेक लावते, तिच्या डावीकडची अर्धविरामाची कळ तो सोडते. पी या अक्षराच्या उजवीकडे चौकटी कंसाच्या दोन कळा आहेत: उजवी कळ फक्त इंजिनाचा ब्रेक लावते, डावी सोडते. पूर्णविराम आणि स्वल्पविराम डायनॅमिक ब्रेकसाठी, म्हणजे इंजिनाच्या मोटरींनी वेग रोखणाऱ्या ब्रेकसाठी. स्पेसने हॉर्न, एचने दिवा, एक्सने पकडीसाठी रुळांवर वाळू, झेडने अलर्टर (चालक जागा आहे ना हे तपासणारा इशारा) शांत होतो, पीने पेंटोग्राफ. बॅकस्पेस म्हणजे आणीबाणीचा ब्रेक. सहज बोट लागू शकतं, सांभाळा.

एफ४ दाबल्यावर बाजूला एक चौकट उघडते. त्यात वेग, वेगमर्यादा, चढउतार, पुढचा सिग्नल आणि त्याचं अंतर दिसतं. ही चौकट शिकताना कायम उघडी ठेवा. एफ५ने ब्रेकचे दाब दिसतात. एफ१०ने पुढचं स्टेशन आणि वेळ, एफ२ने गेम साठवली जाते. बऱ्याच लॅपटॉपवर एफच्या कळांसोबत एफएन दाबावं लागतं. एफ५ दाबल्यावर भलतंच काही होत असेल तर कारण हेच.

ट्रेन सिम्युलेटर क्लासिक आणि ट्रेन सिम वर्ल्डमध्येही नॉच, रिव्हर्सर आणि गाडीच्या ब्रेकच्या कळा याच आहेत, फक्त अलर्टर क्यू या कळेवर आहे. म्हणजे इथे बोटांना लागलेली सवय पुढे वाया जात नाही.

हवेचा ब्रेक

इथे घाई करू नका. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हा भाग पक्का हवा.

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो, ब्रेक पाइप. रेल्वेत सगळे त्याला बीपी म्हणतात. गाडी मोकळी असताना त्यात ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. प्रवासी डब्यांना जोडीला दुसरा पाइप असतो, फीड पाइप म्हणजे एफपी, त्यात ६ किलो. बीपीतला दाब कमी झाला की प्रत्येक डब्याखालचा झडपेचा संच साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्रेक लागतो. दाब पुन्हा वाढला की ब्रेक सुटतो. म्हणजे हवा गेली की ब्रेक लागतो, हवा भरली की सुटतो. म्हणूनच गाडी मध्येच तुटली, पाइप निघाला, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

लोको पायलट हा ब्रेक ए-नाइन नावाच्या हँडलने लावतो. त्याचे टप्पे आकड्यांत असे: बीपी ५ वरून ४.५ केला की सर्वात हलका ब्रेक लागतो, त्याला मिनिमम रिडक्शन म्हणतात. ३.५च्या आसपास आणला की पूर्ण ब्रेक, त्या वेळी प्रवासी डब्यांच्या ब्रेक सिलिंडरमध्ये साधारण ३.८ किलो दाब असतो. त्याहून खाली नेलं तर सिलिंडरमधला दाब आणखी वाढत नाही. आणीबाणीचा ब्रेक जास्त जोरात लागतो अशी समजूत आहे, पण आपल्या डब्यांत जोर तोच असतो, फक्त तो लवकर पोचतो. शिवाय रिकामा झालेला पाइप परत भरायला बराच वेळ जातो.

आता ही हवा लगेच पोचत नाही, हे मनात ठसवा. जायकवाडीचा कालवा वर सोडला तरी टेलच्या शेतात पाणी उशिरा येतं, तसं इंजिनात दाब बदलला तरी शेवटच्या डब्याला ते कळायला काही सेकंद जातात, आणि लांब मालगाडीत त्याहून जास्त. शंभरच्या वेगाने गाडी दर सेकंदाला २८ मीटर पुढे जाते. पाच सेकंद उशीर म्हणजे १४० मीटर, सहा-सात डबे.

एफ५च्या पडद्यावर बीपी, बीसी म्हणजे ब्रेक सिलिंडर, आणि ईओटी म्हणजे शेवटच्या डब्यातला दाब दिसतो. ब्रेक सोडल्यावर इंजिनाचा बीपी पाचला पोचला म्हणून निघू नका, ईओटी पाचला पोचला का ते बघा. मागचे डबे अजून आवळलेले असताना नॉच ओढला की गाडी रडतखडत निघते, आणि सुरुवातीच्या तक्रारींपैकी निम्म्या याच कारणाने असतात.

नवे खेळाडू हमखास करतात ती चूक अशी: ब्रेक लावला, जास्त वाटला, सोडला, परत कमी वाटला, परत लावला. असं तीन-चारदा झालं की डब्यांखालच्या टाक्या भरायला वेळच मिळत नाही. एफपी असलेल्या प्रवासी गाडीत हे निभावतं. एकाच पाइपच्या मालगाडीत ब्रेकचा जोर खरोखर कमी होतो आणि उतारावर गाडी हाताबाहेर जाते. एकदा लावा, परिणाम दिसेपर्यंत आठ-दहा सेकंद थांबा, मग ठरवा.

इंजिनाचा स्वतंत्र ब्रेक, एसए-नाइन, हा मोकळं इंजिन चालवताना आणि उभ्या गाडीला धरून ठेवायला आहे. धावती गाडी त्याने थांबवली की इंजिन अडतं आणि मागचे डबे येऊन त्यावर आदळतात. प्रत्यक्षात अशा धक्क्याने वरच्या बर्थवरचा माणूस जागा होतो.

पहिले दोन सराव

मोकळं इंजिन घ्या, मागे डबा नको. रिव्हर्सर पुढे, इंजिनाचा ब्रेक सोडा, पहिला नॉच. ३० पर्यंत न्या, नॉच शून्यावर आणा आणि रुळाच्या बाजूचा एखादा किलोमीटरचा दगड ठरवून बरोबर त्याच्यासमोर उभं राहा. चुकेल. पुन्हा करा. दगडाच्या दहा मीटर अलीकडे-पलीकडे सलग जमू लागलं की पुढे जा.

मग आठ डबे जोडा. ६० वर नेऊन नॉच बंद करा, बीपी ४.५ करा आणि गाडी कुठे थांबते ते एफ४च्या चौकटीतल्या अंतरावरून वहीत टिपा. पुन्हा ६० वर न्या, या वेळी बीपी ४.० करा. मग ३.५. हे तीन आकडे तुमच्या त्या इंजिन-डब्यांचे स्वतःचे आकडे. दुसऱ्याने सांगितलेले उपयोगाचे नाहीत, कारण प्रत्येक डबा बनवणाऱ्याने ब्रेकचा जोर वेगळा ठेवलेला असतो.

हिशेबाला एक ढोबळ आधार मात्र धरा. प्रवाशांना त्रास न होता लावलेल्या ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण दीड किलोमीटर प्रतितासाने उतरतो. त्या हिशेबाने ३० वरून थांबायला साधारण ८५ मीटर लागतात, ६० वरून ३३५ मीटर आणि १०० वरून जवळपास ९२५ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. शंभरला एक किलोमीटर आधी ब्रेक लावायचा म्हणजे स्टेशन डोळ्यांना दिसायच्या आधीच. म्हणून लोको पायलट स्टेशन बघून ब्रेक लावत नाही, सिग्नल बघून लावतो.

सिग्नल

आपल्याकडचे चार रंग असे वाचा. हिरवा: पुढे मोकळं आहे. दोन पिवळे, म्हणजे डबल यलो: पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. एक पिवळा: पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा. लाल: थांबा. स्टेशनकडे येताना आधी डिस्टंट नावाचा सिग्नल लागतो, त्यानंतर स्टेशनात घेणारा होम, आणि फलाटाच्या पुढच्या टोकाला निघायची परवानगी देणारा स्टार्टर, त्याच्याही पुढे अॅडव्हान्स स्टार्टर. डिस्टंटच्या खांबावर पी अक्षराची गोल पाटी असते. तो कधी लाल होत नाही, पुढच्या होमची खबर देतो. गाडी आउटरला उभी आहे असं प्रवासात आपण म्हणतो, ती बहुधा लाल होमपाशी उभी असते.

होमच्या वर पाच पांढरे दिवे तिरके पेटले तर गाडी मेन लाइन सोडून बाजूच्या लूपवर जाणार आहे. पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलतो त्या सांध्यावरून, वळताना वेग ३०, जुन्या ठिकाणी १५. मार्ग बनवणाऱ्याने ही मर्यादा गेममध्ये घातली नसेल तर एफ४ची चौकट गप्प राहील. दिवे दिसले की तुम्हीच लक्षात ठेवायचं.

परदेशी मार्ग उघडलात तर हे अर्थ तसेच चालतील असं धरू नका. अमेरिकन आणि जर्मन सिग्नलची भाषा पूर्ण वेगळी आहे. आधी आपली पक्की करा.

रुळाकडेला पिवळ्या पाटीवर डब्ल्यू/एल किंवा सी/फा दिसलं की पुढे फाटक आहे. फाटक ओलांडेपर्यंत लांब हॉर्न द्या. टी/पी पाटी म्हणजे प्रवासी गाडीसाठी कॉशनची, म्हणजे तात्पुरत्या वेगमर्यादेची, हद्द संपली, टी/जी मालगाडीसाठी.

सेलूला लूपवर

आता सगळं एकत्र. समजा डब्ल्यूडीएम-३ए आणि बारा डब्यांची पॅसेंजर परभणीहून जालन्याकडे निघाली आहे, मानवत रोड मागे गेलं, वेग ८०. एकेरी लाइन, समोरून एक्स्प्रेस येते आहे आणि सेलूला क्रॉसिंग आहे. आपण अर्धा-अर्धा तास खिडकीत बसून काढतो तेच क्रॉसिंग, फक्त या वेळी पुढच्या केबिनमधून. हा मार्ग तुमच्याकडे नसला तरी कुठल्याही एकेरी मार्गावरच्या स्टेशनाला हेच लागू.

डिस्टंट डबल यलो दिसतो. होम त्याच्यापुढे साधारण एक किलोमीटरवर. डिस्टंट दिसताच नॉच एकेक करत शून्यावर आणा. एकदम बंद करू नका, डब्यांना हिसका बसतो. गाडी आपल्या वेगाने वाहू द्या. होम ७०० मीटरवर आला की बीपी ४.५. सुरुवातीला काहीच घडल्यासारखं वाटणार नाही. हात शिवशिवतील, थांबा. दहा सेकंदांत वेगाचा काटा खाली येऊ लागतो. ५० वर आल्यावर होम किती लांब आहे ते बघा. २५० मीटर उरले असतील तर बरोबर चाललं आहे. १५० मीटरच उरले असतील तर ४.२ करा. ४०० मीटर उरले असतील तर जरा सोडा. होम पिवळा, वर पाच दिवे पेटलेले. तो ओलांडताना वेग ३०.

इथे बरेच जण इंजिन पॉइंट ओलांडून गेलं की वेग वाढवतात. पण मागचे बारा डबे अजून वळायचे आहेत. आयसीएफचा डबा सव्वाबावीस मीटर धरला तर इंजिनासह गाडी २९० मीटरच्या आसपास होते. तेवढं अंतर ३० च्या वर जायचं नाही. पहिल्या नॉचवर किंवा नुसती वाहत आत घ्या.

फलाट सुरू झाला की नजर स्टार्टरवर. तो लाल आहे, त्याच्या अलीकडे थांबायचं आहे. जिथे थांबायचं त्याच्या दीडशे मीटर आधी पुन्हा ४.५. वेग १५ वर आला की ब्रेक थोडा सोडा, ८ वर आला की आणखी सोडा. लोखंडी ब्रेक ब्लॉकची पकड वेग कमी होताना वाढत जाते, त्यामुळे तोच दाब शेवटच्या वीस मीटरमध्ये जास्त जोराने आवळतो. शेवटपर्यंत धरून ठेवलंत तर गाडी झटका देऊन थांबते. जवळजवळ मोकळ्या ब्रेकवर गाडी विसावली पाहिजे. उभी राहिली की मग इंजिनाचा ब्रेक लावून ठेवा.

अॅक्टिव्हिटी खेळत असाल तर प्रवासी चढल्याचा संदेश येईपर्यंत हलायचं नाही. गाडी फलाटाच्या बाहेर उभी राहिली तर थांबा मोजलाच जात नाही. आणि उभे असतानाच एफ२ दाबून घ्या. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. प्रत्येक स्टेशनात एकदा साठवायची सवय लावा. एक लक्षात असू द्या, ओपन रेल्सची आवृत्ती बदलली की जुनी साठवण बहुधा उघडत नाही. अर्धवट राहिलेली फेरी पूर्ण करूनच अद्ययावत करा.

एक्स्प्रेस मेन लाइनवरून निघून गेली, स्टार्टर सुटला. एक लांब हॉर्न, गाडीचा ब्रेक सोडा, ईओटी पाचला येऊ द्या, इंजिनाचा ब्रेक सोडा, पहिला नॉच. डबे ताणले जाऊन गाडी हलू लागली की दुसरा. चाकं घसरल्याची सूचना आली तर नॉच कमी करा, एक्सने वाळू सोडा, पुन्हा हळू वाढवा. घसरत असताना नॉच वाढवून काहीही मिळत नाही.

गाडी हलतच नाही

या क्रमाने बघा. रिव्हर्सर मध्ये अडकला आहे का. इंजिन बंद आहे का, विजेचं असेल तर पेंटोग्राफ खाली आहे का. डायनॅमिक ब्रेक लागलेला आहे का. तो लागलेला असताना नॉच घेत नाही. एखाद्या डब्याचा हँडब्रेक लागला आहे का. नवीन डबे जोडल्यावर होज पाइप जोडायचा राहिला का. उलट्या तिरक्या रेषेची कळ तो जोडते. हे सगळं ठीक असून बीपी वर येत नसेल तर शिफ्ट आणि सरळ तिरकी रेषा एकत्र दाबा, सगळे ब्रेक एकदम भरून तयार होतात. वास्तवात असं काही नसतं, पण शिकताना बिनदिक्कत वापरा.

गाडी चालता चालता आपोआप थांबली तर बहुतेक वेळा अलर्टर. काही वेळ कुठल्याही कळेला हात लावला नाही की तो वाजतो, झेड दाबला नाही की ब्रेक. आपल्या खऱ्या इंजिनांतही हे यंत्र असतं आणि साधारण मिनिटभर हालचाल नसेल तर इशारा देतं. लाल सिग्नल बराच वेळ हलत नसेल तर टॅबने परवानगी मागता येते. मिळाल्याशिवाय ओलांडू नका आणि मिळाल्यावर रांगत जा, पुढे कुणी उभं असू शकतं.

गाडीत डबे कमी दिसत असतील तर ते डबे तुमच्या ट्रेन्स फोल्डरमध्ये नाहीत. ओपन रेल्स त्यांना गाळून पुढे जाते आणि डेस्कटॉपवरच्या लॉग फाइलमध्ये नावं लिहून ठेवते. ती फाइल उघडा, हवा तो डबा शोधून टाका.

मालगाडी

पॅसेंजर हातात बसली की परळीच्या औष्णिक केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या गाडीसारखा रेक (वाघिणींची जोडलेली रांग) घेऊन बघा: ५८ बॉक्सएन वाघिणी, भरलेल्या, पाच हजार टनांच्या घरात, लांबी सहाशे मीटरच्या वर. इथे पॅसेंजरचे सगळे अंदाज बाजूला ठेवा. वेग ६० च्या वर नको. रिकाम्या पाइपपासून बीपी भरायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर हवा. निघताना पहिल्या नॉचवर पूर्ण रेक ताणला जाऊ द्या. जोडण्यांमधली ढील एकेक करत निघते आणि मागची वाघीण बऱ्याच उशिरा हलते. ऑप्शन्समध्ये कपलर तुटण्याचा पर्याय चालू असेल तर घाई केल्यावर रेक मधून तुटतो. तो चालूच ठेवा, त्याशिवाय हात हलका होत नाही.

उतारावर आधी डायनॅमिक ब्रेक घ्या आणि हवेचा ब्रेक राखून ठेवा. चढाच्या पायथ्याशी सिग्नल पिवळा असेल तर पायथ्यालाच थांबा. चढावर उभा राहिलेला भरलेला रेक पुन्हा हलवणं हे या खेळातलं सर्वात कठीण काम आहे: इंजिनाचा ब्रेक धरून गाडीचा ब्रेक सोडायचा, ईओटी भरू द्यायचा, दुसरा-तिसरा नॉच घेऊन ओढ तयार करायची आणि मग इंजिनाचा ब्रेक हळूहळू सोडायचा. ओढ कमी पडली तर रेक मागे सरकू लागतो. तसं झालं तर नॉच वाढवत बसू नका, लगेच गाडीचा ब्रेक लावा, पाइप पुन्हा भरा आणि वाळू सोडत नव्याने सुरुवात करा.